कानाच्या नसेवरची गाठ: कानामागून काढायची की कानातून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बहीण ४२ वर्षांची. उजव्या कानाच्या नसेवर २.८ सेंटिमीटरची गाठ, मेंदूस्तंभाला थोडी दाबणारी. उजव्या कानाची ऐकण्याची पातळी ६० डेसिबलवर गेलेली, आणि शब्द नीट ओळखण्याचं प्रमाण ३२ टक्के. चेहरा अजून पूर्ण सरळ, चालताना किंचित तोल जातो. एक न्यूरोसर्जन म्हणतात कानामागून कवटी उघडून काढू, दुसरी टीम म्हणते कानाच्या हाडातून जाऊ, तिसरीकडे गॅमा नाइफ (न उघडता, नेमक्या किरणांचा उपचार) सुचवलं. खरं कोणाचं मानायचं?

पहिले दोघेही बरोबर आहेत. गॅमा नाइफबद्दल मात्र पुढे सांगतो ते वाचून ठरवा. या अहवालांवर माझा कल कानाच्या हाडातून जाण्याकडे आहे, कारण या कानात वाचवण्यासारखं ऐकणं उरलेलं नाही. पण ज्या टीमनं कानामागच्या वाटेनं अशा भरपूर गाठी काढल्या आहेत, तिच्याकडून ऑपरेशन होणार असेल तर केवळ वाटेसाठी तिला सोडून दुसरीकडे जाऊ नका. वाट कोणती, हा दुसरा प्रश्न. चेहऱ्याची नस कशी वाचवणार आणि त्यासाठी गाठीचा थोडा भाग मागे ठेवायची तयारी आहे का, हा पहिला.

हे समजायला थोडी शरीररचना लागते. मेंदूस्तंभापासून आतल्या कानापर्यंत जाणाऱ्या नसा कवटीच्या तळच्या हाडात साधारण एक सेंटिमीटर लांबीच्या नळीतून जातात. डॉक्टर तिला आयएसी म्हणतात. या नळीच्या आतल्या कानाकडच्या टोकाला चार नसांच्या चार जागा ठरलेल्या: पुढे-वर चेहऱ्याची नस, पुढे-खाली ऐकण्याची, आणि मागे वर-खाली तोल सांभाळणाऱ्या दोन. गाठ ऐकण्याच्या नसेची म्हणून ओळखली जात असली तरी ती जवळपास नेहमी मागच्या, म्हणजे तोलाच्या नसेच्या आवरणपेशींतून उगवते. ती कॅन्सरची नसते. ती मागून वाढते आणि चेहऱ्याची नस पुढे ढकलते. म्हणून मागून जाणाऱ्या सर्जनला आधी गाठ भेटते आणि नस सगळ्यात शेवटी, पलीकडच्या अंगाला. वरून जाणाऱ्याला आधी नस भेटते आणि तिच्याखाली गाठ. हाडातून जाणाऱ्याला नस नळीच्या टोकाशी, गाठीला हात लावण्याआधीच दिसते. तिन्ही वाटांचे फायदे-तोटे या मांडणीतून निघतात.

ऐकण्याचा हिशेब आधी करू. कामाचं ऐकणं मोजायला सर्जन ५०-५० चा नियम वापरतात: सरासरी पातळी ५० डेसिबलपर्यंत आणि शब्द ओळखणं किमान ५० टक्के. तुमच्या बहिणीचे दोन्ही आकडे या रेषेच्या पलीकडे आहेत. शब्दांचा आकडा जास्त महत्त्वाचा. आवाज मोठा करता येतो, पण नसच शब्द गाळून पाठवत असेल तर श्रवणयंत्रही फारसं काही करू शकत नाही. शिवाय गाठ २ सेंटिमीटरच्या पुढे गेली की ऐकणं चांगलं असतानाही ते ऑपरेशनमध्ये टिकण्याची शक्यता झपाट्यानं घटते. एमआरआयच्या सिस किंवा फिएस्टा सीक्वेन्समध्ये नळीच्या टोकाशी पाण्याची पांढरी रेघ शिल्लक दिसत असेल तर आशा थोडी बरी. गाठ टोकापर्यंत ठासून भरली असेल तर कमी. दुसरा कान चांगला आहे ना, हे मात्र लेखी ऑडिओग्रामवर पाहून घ्या. दुसऱ्या कानाला ऐकू येतच नसेल तर सगळं गणित बदलतं.

कानामागची वाट म्हणजे रेट्रोसिग्मॉइड. भारतातल्या बहुतेक न्यूरोसर्जरी विभागांत हीच रुळलेली आहे. पेशंटला कुशीवर झोपवतात किंवा पाठीवर ठेवून मान वळवतात. हनुवटी आणि छातीच्या हाडामध्ये दोन बोटं राहतील इतकीच मान वाकवायची, नाहीतर गळ्यातल्या शिरा दाबून मेंदू फुगतो. काही ठिकाणी अर्धवट बसवून करतात. त्यात रक्त आपोआप खाली वाहून जातं आणि जागा स्वच्छ राहते, पण शिरेत हवा ओढली जाण्याचा धोका असतो. त्यासाठी आधी इकोवर हृदयाच्या पडद्यात छिद्र नाही हे बघतात आणि भूलतज्ज्ञ छातीवर डॉपलर लावून बसतो.

कानामागे वळणदार छेद घेऊन साधारण ३ सेंटिमीटरची हाडाची खिडकी काढतात. ती नेमकी दोन मोठ्या शिरा जिथे काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यात. खिडकी शिरेच्या काठापर्यंत न्यायलाच हवी; एक सेंटिमीटर मागे राहिली तर पुढे सगळं ऑपरेशन लहान मेंदू ओढत करावं लागतं. मेंदूचं आवरण उघडल्यावर पहिलं काम खालच्या बाजूच्या कप्प्यातून मेंदूचं पाणी सोडणं. ते नीट सोडलं की लहान मेंदू स्वतःहून मागे पडतो आणि ओढणीची पट्टी लागतच नाही. घाई केली तर मेंदूला सूज आणि रक्तस्राव.

गाठ दिसली की तिच्या मागच्या आवरणावर आधी विद्युत-प्रोब फिरवतात, १ ते २ मिलिअँपिअर इतक्या जास्त करंटनं. क्वचित चेहऱ्याची नस मागच्या बाजूलाही पसरलेली असते आणि ते छेद घेण्याआधी कळायला हवं. मग आवरण कापून आतला ऐवज अल्ट्रासॉनिक ॲस्पिरेटरनं पोखरायचा. गाठ पोकळ झाल्याशिवाय तिच्या भिंती मेंदूस्तंभापासून सुटत नाहीत. पोखरणं पुरेसं न करता भिंत ओढायला जाणं ही या ऑपरेशनातली नेहमीची चूक. त्यात नस ताणली जाते आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरवर गडगडाट सुरू होतो. मेंदूस्तंभाजवळ नसेचा उगम सापडला की तिथून बाहेरच्या दिशेनं सरकायचं. नळीतला भाग काढायला तिची मागची भिंत डायमंड ड्रिलनं ७ ते १० मिलिमीटर घासतात. ऐकणं वाचवायचं असेल तर आतल्या कानाची मागची अर्धवर्तुळाकार नलिका उघडू द्यायची नाही, आणि त्यामुळेच नळीचं शेवटचं टोक सरळ नजरेला दिसत नाही. तिथे ३० अंशांची एंडोस्कोप घालून बघतात. न बघता हुकनं ओढलं की तिथेच गाठीचा तुकडा राहतो आणि काही वर्षांनी एमआरआयवर परत उगवतो.

या वाटेची एक तक्रार वर्षानुवर्षं पुरते: डोकेदुखी. ड्रिलची भुकटी मेंदूच्या पाण्यात पसरते, आणि हाड परत बसवलं नाही तर मानेचे स्नायू थेट आवरणाला चिकटतात. म्हणून घासण्याआधी आजूबाजूला कापसाच्या पट्ट्या आणि जेलफोम भरायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं, आणि शेवटी हाड किंवा टायटेनियमची जाळी बसवायचीच. सर्जनला हे जरूर विचारा.

दुसरी वाट कानाच्या हाडातून, म्हणजे ट्रान्सलॅब. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाऊस या कानाच्या सर्जननं मायक्रोस्कोप आणि ड्रिल घेऊन ती रूढ केली, विल्यम हिट्सेलबर्गर या न्यूरोसर्जनच्या जोडीनं. त्याआधीची पिढी वेगळ्याच पेचात होती. हार्वे कुशिंग गाठ आतून पोखरून थांबायचे, कारण सगळी काढायला गेलं की पेशंट दगावायचा. वॉल्टर डँडी सगळी काढायचे, पण चेहऱ्याची नस बहुधा जायची. हाऊस यांच्या कामानंतर नस वाचवणं हेच ऑपरेशनचं माप झालं. आजही ही वाट दोघांनी मिळून करायची आहे: हाडाचं काम कानाचा सर्जन करतो, मेंदूजवळचं न्यूरोसर्जन. एकटा माणूस दोन्ही करतो म्हणाला तर त्यानं दोन्हीचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारायला संकोच नको.

पेशंट पाठीवर, डोकं पलीकडे वळवलेलं. कानामागचं मॅस्टॉइड हाड घासून मोठ्या शिरेवर अंड्याच्या टरफलाइतका पातळ पापुद्रा ठेवतात, म्हणजे शीर बोटानं दाबून मागे सारता येते. मग तोलाच्या तिन्ही अर्धवर्तुळाकार नलिका घासून टाकतात. ऐकणं जातं ते इथे, कायमचं आणि पूर्ण. पण आयएसी नळी तीन बाजूंनी, परिघाच्या साधारण २७० अंशांपर्यंत मोकळी होते. तिच्या आतल्या कानाकडच्या टोकाशी हाडाची एक बारीक उभी कड असते, तिला हाऊस यांच्या नावावरून बिल्स बार म्हणतात. कडेच्या पुढे चेहऱ्याची नस, मागे तोलाची. गाठीला हात लावण्याआधीच नस ओळखून, प्रोबनं पक्की करून घेता येते. आवरण अजून उघडलेलंही नसतं, म्हणून भुकटी मेंदूच्या पाण्यात जात नाही, लहान मेंदू ओढावा लागत नाही, डोकेदुखी कमी. तुमच्या बहिणीला मी हीच वाट सुचवतो ते या कारणांसाठी.

मात्र काही गोष्टी या वाटेत आड येतात आणि त्या एमआरआयवर नव्हे, कानाच्या हाडाच्या एचआरसीटीवर (बारीक कापांच्या सीटी स्कॅनवर) दिसतात. गळ्याच्या मोठ्या शिरेचा घुमट खूप वर आलेला असेल, बाजूची शीर खूप पुढे असेल, किंवा मॅस्टॉइड आखडलेलं, टणक असेल तर काम करायची जागाच अरुंद होते. कान वाहत असेल तर या वाटेनं जाऊच नये, कारण पू असलेल्या पोकळीतून मेंदूच्या आवरणापर्यंत थेट दार उघडतं आणि मेनिंजायटिस होतो. आपल्याकडे लहानपणापासून कान वाहणारे बरेच, आणि पेशंट ते आजार म्हणून सांगतच नाहीत. दुर्बिणीतून पडदा तपासून घ्या. पडद्याला छिद्र असेल तर आधी तो कान कोरडा करणं, पडदा बंद करणं, किंवा मागची वाट.

शेवटी आवरणात जो खड्डा राहतो तो पोटावरच्या चरबीच्या पट्ट्यांनी भरतात, आणि मधल्या कानाकडे जाणारं तोंड स्नायूच्या तुकड्यानं बुजवतात. पोटावर एक छोटा टाका असेल तो यामुळे. तिथे रक्त साठू नये म्हणून घट्ट पट्टा बांधतात.

तिसरी वाट वरून, कानावरची कवटी उघडून, मेंदूचा कानशिलाकडचा भाग आवरणासकट उचलून. ती नळीतच असलेल्या, साधारण दीड सेंटिमीटरच्या आतल्या गाठींना, चांगलं ऐकणाऱ्यांना. नस गाठीच्या वर असल्यानं ती सतत हाताळली जाते आणि चेहरा काही काळ लुळा राहण्याचं प्रमाण जास्त. साठीनंतर आवरण पातळ होऊन फाटतं. २.८ सेंटिमीटरला ही वाट नाहीच, कोणी सुचवली तर दुसरं मत घ्या.

आता चेहऱ्याची नस. गाठ मोठी होत जाते तशी ही नस गोल दोरीसारखी राहत नाही. पसरून पारदर्शक पापुद्रा होते, आणि नळीच्या तोंडाशी, जिथे गाठ हाडाच्या कडेवर दुमडते, तिथे सगळ्यात जास्त चिकटलेली असते. मायक्रोस्कोपखालीही ती गाठीच्या आवरणापासून वेगळी ओळखणं अवघड. म्हणून डोळ्याभोवतीच्या आणि ओठांभोवतीच्या स्नायूंत सुया घालून मॉनिटर लावतात. त्यासाठी श्वासाची नळी घातल्यानंतर भूलतज्ज्ञानं स्नायू शिथिल करणारं औषध पुन्हा द्यायचं नाही, नाहीतर मॉनिटर गप्प राहतो आणि सगळ्यांना वाटतं की सगळं छान चाललंय. शेवटी मेंदूस्तंभापाशी ०.०५ मिलिअँपिअरला चेहरा हलला तर पुढचा अंदाज चांगला. ०.३-०.४ लागले तर नस सलग दिसत असूनही काही महिने चेहरा वाकडा राहणार हे घरच्यांना त्याच संध्याकाळी सांगायला हवं.

याच टप्प्यावर सर्जनची खरी परीक्षा असते. नळीच्या तोंडाशी गाठ नसेपासून सुटत नसेल तर तिथे पातळ थर ठेवून थांबायचं की सगळी काढायची? माझं मत स्पष्ट आहे: थांबायचं. २ मिलिमीटर जाडीचा, जेमतेम २५ चौरस मिलिमीटरचा थर बहुतेकदा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. वाढलाच तर तेव्हा त्या छोट्या तुकड्याला गॅमा नाइफ देता येतं. ४२ व्या वर्षी गेलेला चेहरा मात्र परत आणता येत नाही. नस तुटली तर जागीच शिवता येते किंवा कानाजवळच्या वा पायाच्या संवेदनेच्या नसेचा तुकडा जोडता येतो, पण उत्तमात उत्तम निकालही मध्यम दर्जाचा: डोळा मिटतो, हसताना बाजू ओढते. “शंभर टक्के गाठ काढू” असं कोणी आधीच ठामपणे सांगत असेल तर चेहऱ्याचं काय, हे लगेच विचारा. उलट गाठीचा मोठा लगदाच मागे ठेवणंही बरोबर नाही. तो वाढतो, आणि दुसऱ्यांदा जायचं तर सगळं चिकटलेलं असतं.

गॅमा नाइफची गोष्ट अशी. साधारण १२ ते १३ ग्रे इतकी किरणांची मात्रा गाठीच्या कडेला देतात. गाठ नाहीशी होत नाही, वाढायची थांबते, आणि लहान गाठींत हे फार चांगलं जमतं. पण पहिल्या सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत ती तात्पुरती सुजू शकते. मेंदूस्तंभ आधीच दाबलेला आणि तोल जाऊ लागलेला असताना ती सूज परवडत नाही. गाठीत पाण्याच्या पिशव्या असतील तर भरवसा आणखी कमी. त्यामुळे इथे आधी ऑपरेशन, किरण लागलेच तर नंतर. थांबून बघणं हा पर्याय नळीतल्या छोट्या, न वाढणाऱ्या गाठींचा; तुमच्याकडे तो उरलेला नाही.

ऑपरेशनला ६ ते १० तास धरा, त्याहून जास्तही लागू शकतात. पहिली रात्र आयसीयूत. पहिल्या २४ तासांत धोका रक्त साठण्याचा: जागी झालेली पेशंट परत गुंगू लागली, बाहुली मोठी झाली, तर सीटीची वाट न पाहता जखम उघडावी लागते. चरबी भरलेल्या वाटेत हे खाटेवरही करता येतं. पाणी तोंडानं देण्याआधी गिळणं तपासून घेतात, कारण मोठ्या गाठीच्या खालच्या टोकाला घशाच्या नसा असतात. ठसका लागत असेल तर नळीनंच द्यायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुढे पाण्यावर लक्ष ठेवा. पुढे वाकल्यावर नाकातून स्वच्छ, खारट पाणी टपकलं किंवा घशात उतरल्यासारखं वाटलं तर ते मेंदूचं पाणी असू शकतं, सर्दी समजून सोडू नका. जखमेतूनही येतं. हाडातून गेल्यास गळती जास्त होते असा समज आहे, पण तिन्ही वाटांचे एकत्रित आकडे जवळपास सारखेच, दहांत एकाच्या आसपास; अनुभवी ठिकाणी कमी. डोकं उंच, घट्ट पट्टी, शिंकताना तोंड उघडं, जोर न काढता शौच व्हावी म्हणून औषध, आणि न थांबल्यास कमरेत ३ ते ५ दिवस निचऱ्याची नळी. तरीही थांबत नसेल तर परत उघडून बुजवायचं. त्यात ताप, मान ताठ झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

डोळा घरच्यांच्या हातात असतो. चेहरा लुळा पडला तर डोळा मिटत नाही. दिवसा दर एक-दोन तासांनी कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचे थेंब, रात्री मलम आणि पापणी नीट मिटवून वरून टेप. नुसती गॉजची घडी ठेवली तर आत उघड्या बुबुळावर तीच घासते. त्याच बाजूचा गाल बधिर असेल तर जास्तच जपा: बुबुळाला दुखतच नाही, त्यामुळे व्रण पडलेला कळत नाही. अशा पेशंटची पापणी थोडी शिवून घेणं किंवा वरच्या पापणीत सोन्याचं वजन बसवणं लवकर करावं, लालसर दिसण्याची वाट बघू नये. काहींचा चेहरा ऑपरेशननंतर सरळ असतो आणि आठवड्याभरानं वाकडा होतो. हा प्रकार स्टेरॉइडवर बहुधा सुधारतो. नस सलग असून ९ ते १२ महिन्यांत काहीच हालचाल आली नाही, तर जबड्याच्या किंवा जिभेच्या नसेची जोडणी करायची वेळ असते. दोन-तीन वर्षं नुसती वाट पाहिली तर स्नायूच वाळून जातो.

चक्कर पहिले चार-पाच दिवस जोरात येते, मग मेंदू जुळवून घेतो. बहिणीला पडून राहू देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून बसवणं, तिसऱ्यापासून धरून चालवणं, आणि डोकं हलवत नजर एका ठिकाणी रोखण्याचे व्यायाम. चक्करेच्या गोळ्या महिनाभर चालू ठेवल्या तर उलट सवय व्हायला उशीर होतो. बहिऱ्या बाजूसाठी तिकडचा आवाज चांगल्या कानाकडे नेणारं क्रॉस श्रवणयंत्र किंवा हाडातून आवाज पोचवणारं यंत्र मिळतं. ऐकण्याची नस ऑपरेशनमध्ये सलग राखता आली तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दलही आधीच बोलून ठेवा, कारण आतला कान नंतर हाड भरून बुजतो.

सर्जनला भेटाल तेव्हा टीमनं अशा, याच मापाच्या गाठी वर्षाला किती काढल्या, त्यातल्या किती जणांचा चेहरा वर्षानंतर हाऊस-ब्रॅकमन या चेहऱ्याच्या हालचालीच्या मोजपट्टीवर पहिल्या-दुसऱ्या, म्हणजे चांगल्या श्रेणीत होता, मॉनिटर आणि तो वाचणारा माणूस त्या दिवशी नक्की असेल ना, हे विचारा. २.८ सेंटिमीटर हे माप नळीतला भाग धरून आहे की सोडून, हेही विचारा. दोन हॉस्पिटलांच्या अहवालांत फरक दिसला तर बहुतेकदा तो इथे असतो.

ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय साधारण तीन महिन्यांनी ते वर्षाच्या आत, मग वर्षावर्षानं, आणि पुढे अंतर वाढवत. ट्रान्सलॅब झाली असेल तर फॉर्मवर “पोटातली चरबी भरली आहे, फॅट सप्रेशन सीक्वेन्स घ्या” असं लिहून न्या. साध्या सीक्वेन्समध्ये चरबी पांढरी चमकते आणि गाठ परत आली असा अहवाल हातात पडतो.